तोंडातले खिळे

४ फेब्रुवारी

ह्यांच्या तोंडात फोड आलाय. गालाच्या आत, मागच्या दाढेपाशी. चहाचा घोट घेताना ‘स्स’ केलं म्हणून कळलं, नाहीतर हे कशाला सांगतात! टॉर्च घेऊन बघितला. मसुरीच्या डाळीएवढा. मध्ये पांढरट, कडेनं लाल. विचारलं, कधीपासून? तर म्हणे, “झाले असतील चार-आठ दिवस.”

खिळ्यांनीच झालं असणार, दुसरं काय? बत्तीस वर्षं हा माणूस सोफे आणि खुर्च्या मढवतोय आणि बत्तीस वर्षं तोंडात चिमूटभर बारीक खिळे धरून बसतोय. जिभेनं एकेक खिळा ओठावर आणायचा, हातोडीच्या चुंबकाला तो चिकटतो, की ठक्! मग पुढचा. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालून बघत राहतात. मी मात्र लग्न झाल्यापासून सांगतेय, अहो, एक दिवस गिळाल! ऐकतील तर शपथ.

“खिळ्यांनीच झालं ना?” म्हटलं. मान हलवली.

मध लावला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. देवापुढे दिवा लावताना म्हटलं, लक्ष असू दे.

५ फेब्रुवारी

हिशोबाच्या वहीची मागची पानं दर वर्षी कोरी राहतात. फेकवत नाहीत, म्हणून मनातलं तिथे लिहिते. पुढून घरखर्च, मागून मी.

९ फेब्रुवारी

वन्सं आल्या होत्या. म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, दोन गल्ल्या सोडून राहतात, आठवड्यातून तीनदा येतात. ह्यांच्या तोंडात डोकावून म्हणाल्या, “उष्णता आहे रे. जागरणं कमी कर.” हे साडेनवाला घोरायला लागतात! मी गप्प बसले. वन्संपुढे गप्प बसायला मी आता छान शिकले आहे.

१४ फेब्रुवारी

फोड आहे तिथेच. औषधाच्या दुकानातून तोंडात लावायचं मलम आणलं. मोठी नळी घेतली, वजनाच्या मानानं स्वस्त पडते.

१९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ती परगावी बँकेत आहे. सहज बोलता बोलता सांगितलं तर एकदम आवाज चढला. “आई, मलमं लावत काय बसलीयस? दातांच्या डॉक्टरकडे ने त्यांना!” म्हटलं, अगं खिळ्यांनी झालंय. “असेल, पण ते डॉक्टरला सांगू दे ना!”

पोरीला शिकवलं की हे असं होतं.

२३ फेब्रुवारी

गेलो. दातांची डॉक्टरीण आमच्या लेकीपेक्षा लहान. जाड भिंगाचा चष्मा, हात गार. पण बघते मात्र नीट! दोन्ही गाल, टाळू, जीभ फडक्यात धरून इकडे-तिकडे, जिभेच्या खाली, मग बाहेरून मानही चाचपली. एवढं तर मी भाजी घेतानाही बघत नाही.

“काका, काय काम करता?”

ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, “खिळे धरतात तोंडात. बत्तीस वर्षं.”

“सिगारेट, तंबाखू?”

“वीस वर्षं ओढली. सोडून बारा झाली,” हे म्हणाले. लेकीनं शपथ घातली होती, मी नव्हे. माझ्या शपथांना ह्या घरात भाव नाही.

दाढेची एक कड टोकदार होती, ती तिनं घासून गुळगुळीत केली. खिळे तोंडात घालायचे बंद. पंधरा दिवस वाट बघायची. निघताना म्हणाली, “गेलं नाही तर परत यायचं. दुखत नसलं तरी यायचं.” मग माझ्याकडे वळली. “काकू, आल्यासारख्या तुम्हीही बसा खुर्चीत. दोन मिनिटं लागतील.”

“मला काय धाड भरलीय! वरची सगळी कवळी, खालचे आठ दात. बघायला उरलंय काय?”

ती हसली. मीही हसले. फुकट म्हणाली होती, तरी नको.

२५ फेब्रुवारी

आज मी शोध लावला! खिळे तोंडात नाहीत तर ठेवायचे कुठे, म्हणून हे तासभर खालच्या आमच्या दुकानात हरवल्यासारखे बसले होते. वाटीत ठेवले तर वाटी सांडते. मग मला जुना रेडिओ आठवला. तो मेला तेव्हा त्याचा स्पीकर मी टाकला नव्हता (सगळे हसले होते!). त्यातलं चुंबक काढलं, मोज्याच्या इलॅस्टिकला शिवलं आणि ह्यांच्या मनगटावर चढवलं. खिळे टपाटप चिकटले. मनगट साळिंदरासारखं दिसतं, पण काम होतं. दर खिळ्यामागे माझं नाव घ्यायला हवं ह्यांनी.

२ मार्च

देवा, हे बोलतात!

बत्तीस वर्षं मी ह्यांच्याशी खिळ्यांतून संसार केला. ‘हूं’ म्हणजे चहा. ‘उं-हूं’ म्हणजे गिऱ्हाईक बसलंय, वर जा. ‘ऊंऊं’ म्हणजे भूक. मला वाटायचं, स्वभावच अबोल आहे. आता तोंड मोकळं झालं तर धरण फुटल्यासारखे बोलत सुटलेत! कुठल्या सोफ्यात काय सापडलं याचे किस्से. नाणी, चाव्या, अर्धी कवळी. एकदा म्हणे एका आरामखुर्चीच्या पोटात प्रेमपत्र निघालं. खुर्ची बायकोनं पाठवलेली, पत्र नवऱ्याला आलेलं, लिहिणारी तिसरीच! “मग काय केलंत?” म्हटलं. तर म्हणे, “होतं तिथेच ठेवलं आणि वरून कापड ठोकलं. तोंडात खिळे होते, बोलणार काय?”

भाजी करपली हसता हसता.

९ मार्च

पंधरा दिवस झाले. फोड गेला नाही. पण हे म्हणतात, आता मुळीच दुखत नाही, म्हणजे बरा होतोय. मलाही तसंच वाटलं. लाल सोफ्याचं मोठं काम आलंय, ते झालं की जाऊ.

माझी कवळी अलीकडे टोचते. जिभेखाली चुरचुरतं. जुनी झाली बिचारी, पण अजून वर्षभर सहज काढेल. ह्यांच्या मलमाची मोठी नळी अर्धी उरलीय, डॉक्टरणीनं ह्यांना बंद करायला सांगितलं. वाया कशाला? मीच लावते.

१२ मार्च

आजचं सगळं नीट लिहिते.

चार वाजता चहा घेऊन खाली दुकानात गेले. हे लाल सोफ्याच्या पाठीवर वाकले होते आणि सवयीनं, अगदी नकळत, तोंडात खिळे! ओरडणार होते. पण ओरडलेच नाही. ह्यांचा गाल बघत राहिले.

डावा गाल फुगलेला. डावा!

आणि मी महिनाभर टॉर्च मारतेय तो उजव्या गालात.

चहा ठेवला. “अहो, खिळे काढा तोंडातले.” थुंकले हातावर. “फोड कुठल्या बाजूला?” ह्यांनी उजवीकडे बोट दाखवलं. “आणि खिळे कुठल्या बाजूला धरता?”

हातोडीकडे बघत बसले. मग म्हणाले, “डावीकडे. उजव्या हातात हातोडी, तेव्हा—”

“कायम?”

“कायम.”

बत्तीस वर्षं डावीकडे! उजव्या गालाला खिळा कधी शिवलाच नाही. मी, वन्सं, डॉक्टरीण, सगळ्यांनी खिळे-खिळे म्हटलं आणि बाजू कुणी बघितली नाही. माझ्यासारखी मॅट्रिक झालेली बाई! ह्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, ओरडा खाल्ला म्हणून.

उद्या सकाळी जायचं. लाल सोफा गेला खड्ड्यात.

१३ मार्च

डॉक्टरणीला सांगितलं. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाजू मीच विचारायला हवी होती, काकू. कारण इतकं सरळ दिसत होतं, की मी पुढे विचारलंच नाही.” मला ती पोर तेव्हा फार आवडली. चूक झाली म्हणणारी माणसं मी हाताच्या बोटांवर मोजू शकते, आणि त्यात आमच्या घरातलं एकही नाही.

तुकडा काढून तपासायचा म्हणाली. दुखायचं थांबलं तरी? म्हटलं. “दुखलं की माणूस येतो हो. असलं दुखणं सुरुवातीला दुखत नाही, म्हणून तर माणसं उशिरा येतात.”

तो शब्द तिनं उच्चारला नाही. मीही विचारला नाही. घरी येईपर्यंत आमच्या दोघांत तो तिसऱ्या माणसासारखा चालत होता.

१४ मार्च

वन्सं पदर खोचून आल्या. “सुरी लावू देऊ नका! सुरी लागली की पसरतं ते!” हे घाबरले. मी सरळ डॉक्टरणीला फोन लावला आणि वन्संच्या कानाला दिला. पलीकडून काय बोलली कोण जाणे, वन्सं दोनदा ‘बरं’ म्हणाल्या. वन्सं! दोनदा! फोन ठेवून मला म्हणाल्या, “ती म्हणते, तुकडा काढल्यानं नाही, न बघता ठेवल्यानं पसरतं.”

१७ मार्च

तुकडा काढला. गालात सुई टोचून बधिर केलं, दहा मिनिटं, दोन टाके. हे बाहेर येऊन विचारतात, “केवढा काढला?” डॉक्टरीण म्हणाली, तांदळाच्या दाण्याएवढा. “आणि टाके दोनच? मी असतो तर चार घातले असते.” ती एवढी हसली की चष्मा घसरला.

येताना आइस्क्रीम खाल्लं. दोघांनी. मोठं.

२४ मार्च

अहवाल आला. वन्सं माझ्या आधी हजर. हे वाचून म्हणाले, “काही निघालं नाही.” वन्संनी हात जोडले, डोळे पुसले, साखर मागितली.

मी कागद घेतला. दोनदा वाचला. ‘तुकडा वरवरचा आहे, नक्की निदान करता येत नाही’ असं लिहिलंय. काही निघालं नाही आणि काही सांगता येत नाही, यात फरक आहे की नाही? महिन्याचा हिशोब जुळला नाही तर मी शिल्लक बरोबर आहे असं म्हणते का?

“पुन्हा तुकडा काढायचा,” मी म्हटलं.

“अगं, सुटलो म्हणून देवाचे आभार मानायचे सोडून—” वन्सं उसळल्या.

“आभार मानीन. आधी सुटलोय की नाही ते कळू दे.”

“देवाकडे मागतेस तरी काय तू?”

“खरं काय ते मागते. खोटा धीर घरात पुष्कळ आहे.”

वन्सं साखर न खाताच गेल्या. हे जेवले नाहीत. मी जेवले. कुणीतरी धट्टंकट्टं राहायला हवं.

२७ मार्च

डॉक्टरणीनं मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी जागा निवडून, कडेच्या लाल भागातून, खोलवर दुसरा तुकडा घेतला. चार टाके. हे खूश.

३ एप्रिल

कॅन्सर आहे.

लिहिलं शेवटी. लिहिलं की एवढासाच दिसतो, बाकीच्या शब्दांसारखा.

मोठे डॉक्टर म्हणाले, अगदी सुरुवातीचा आहे, दीड सेंटिमीटरसुद्धा नाही. “एवढा लहान असताना आलात, फार बरं केलंत. सहा महिन्यांनी आला असतात तर मी हे असं बसून, हसून सांगितलं नसतं.” हे म्हणाले, “माझ्या बायकोनं आणलं.” सगळ्यांसमोर! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

४ एप्रिल

जप करताना तीनदा मोजणं चुकलं. देव काही ओरडला नाही.

८ एप्रिल

मानेचं स्कॅन झालं. कुठे पसरलेलं नाही. रुग्णालयाच्या जिन्यात ह्यांनी मला हाताला धरून खाली आणलं. आजारी कोण आणि आधार कोण देतंय! लोक बघत होते. बघू देत.

१३ एप्रिल

लाल सोफा पुरा केला. शेवटचा खिळा मला ठोकायला दिला. अंगठ्यावर बसला. हे पोट धरून हसले.

१५ एप्रिल

ऑपरेशन झालं. दोन तास. मी काय काय कबूल केलं देवाला ते इथे लिहीत नाही, अंगाशी येईल.

वन्संना भीती, “एवढाच फोड, मग भोवतालचा चांगला गाल का कापायचा?” त्यांना काल रुग्णालयात ह्यांनीच समजावलं होतं: “ताई, कापड फाटलं की मी नुसतं भोक नाही कापत. कडेचं चांगलं कापडही बोटभर घेतो. नाहीतर शिवण उसवते.” मोठ्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि म्हणाले, मी आता विद्यार्थ्यांना असंच सांगणार.

दहा दिवस बोलायचं नाही. लेक आलीय. घर भरल्यासारखं वाटतं, पण आवाज नाही.

१८ एप्रिल

हे मढवायच्या फळीच्या तुकड्यावर खडूनं लिहून बोलतात. आजची वाक्यं: ‘सूपमध्ये मीठ नाही.’ ‘ताईला सांग, रडायचं तर बाहेर रड.’ ‘लेकीला म्हणावं, मला चमच्यानं भरवू नको, मी मढवलेला सोफा नाही.’

पुन्हा ‘हूं’ आणि ‘उं-हूं’वर आलो आम्ही. मला सगळं कळतं. पण खरं सांगू? मला ते किस्से हवेत.

२४ एप्रिल

आला, शेवटचा अहवाल आला! काढलेल्या तुकड्याच्या कडा चारी बाजूंनी स्वच्छ. आत काही राहिलेलं नाही. रेडिएशनचा शेक नको, केमोच्या औषधांच्या बाटल्या नकोत. महिन्याच्या महिन्याला दाखवायचं, बस्स! चष्मेवाली डॉक्टरीण मुद्दाम भेटायला आली. मी तिच्या गालाला हात लावला, तर म्हणते कशी, “काकू, कुठल्या?”

वन्सं म्हणाल्या, “मी पहिल्यापासून सांगत होते, डॉक्टरला दाखवा म्हणून.” मी साखर दिली.

२६ एप्रिल

आता मला टॉर्चचं वेडच लागलंय. वन्संचं तोंड बघितलं, पेपरवाल्याचं बघितलं, पोस्टमननं तर पत्र देऊन स्वतःच ‘आ’ केला. तीन आठवड्यांहून जुनं काही दिसलं की सरळ डॉक्टरणीकडे! वन्सं मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणायला लागल्यात. लेक निघताना म्हणाली, “आई, आणि तुझं?” म्हटलं, माझी कवळी टोचते नुसती. मी कधी तंबाखूला हात लावलाय का?

“डॉक्टरीण म्हणाली ना, हात न लावणाऱ्यांनाही होतं.”

गाडी चुकेल तुझी, म्हटलं.

२८ एप्रिल

टाके काढले, पण हे अजून लिहूनच बोलतात. दुपारी दुकानात फळी समोर धरली. ‘एक सांगायचंय. खिळे डावीकडे असतात हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.’

मी कात्री खाली ठेवली. “मग मान का हलवलीत?”

फडक्यानं पुसून पुन्हा लिहिलं. ‘तू खिळे म्हणालीस. बरं वाटलं. म्हटलं, खिळेच असू देत.’

असा राग आला! असा राग आला की मी वर निघून आले आणि वाटाणे सोलत बसले. सोलून झाले तेव्हा राग गेला होता. भीती वाटत होती त्या माणसाला. एकट्याला. माझ्या शेजारी झोपून.

२९ एप्रिल

सकाळी चहाच्या कपाखाली फळी ठेवलेली.

‘तुझी कवळी वरची आहे. मलम जिभेखाली लावतेस. सात आठवडे झाले. उद्या नऊ वाजता डॉक्टरणीकडे तुझं नाव घातलंय.’

दोनदा वाचलं. मग टॉर्च उचलला, ह्यांच्या हातात दिला, खिडकीपाशी उजेडात उभी राहिले आणि तोंड उघडलं.